भ्यायचं काम

मान किंचित डावीकडे वळवायची, श्वास धरून ठेवायचा आणि डोळे असे मोठे करायचे की समोरच्यानं नकळत आपल्याच पाठीमागे वळून पाहावं. भाऊंची ही लकब तुम्ही पाहिलेली आहे. नाव ऐकलेलं नसेल, आणि ते कोणाच्या लक्षात राहावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. पण जंगलातली कुठलीही मालिका आठवा, वाघाचा कुठलाही सिनेमा आठवा. गावकऱ्यांच्या घोळक्यात एक किडकिडीत, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला म्हातारा असतो. वाईट बातमी अजून कोणी तोंडातून काढलेली नसते, पण त्याच्या चेहऱ्यावर ती आलेली असते. तेच ते.

"भेव ठेवा मास्तर, भेव ठेवा," असं ते मला येता-जाता म्हणायचे. "भेव असलं म्हंजे काम टिकते."

मी मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात माझी आटाचक्की आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. तेवढे महिने चक्की धाकट्या भावावर टाकून मी वडशाच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून जायचो, म्हणून मास्तर. भाऊ माझ्याच गावचे आणि त्याच कंपनीतले नट. आमच्याकडे प्रॉम्प्टर ही काय चीज असते ते पुण्यामुंबईकडच्या लोकांना सांगून कळायचं नाही. तिकडे म्हणे नट अडला तरच त्याला शब्द देतात. इथे रोज वेगळं गाव आणि अधूनमधून नाटकही वेगळं, पाठ करायला सवड कोणाला आहे? प्रॉम्प्टर पडद्याआडून पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अख्खं नाटक म्हणतो आणि नट त्याच्यामागून म्हणतात. फक्त ते जोरात म्हणतात, टाळ्या घेतात, आणि वर जेवताना आपल्यालाच विचारतात की आज तुझा आवाज काऊन बसला होता. भाऊंनी मला असं कधी विचारलं नाही.

मी डावीकडच्या विंगेत बसायचो. म्हणून भाऊंची मान डावीकडे.

एका हंगामानंतर मोहर्लीच्या जंगलाच्या बाजूला सिनेमावाले उतरले. त्यांना इथल्या तोंडावळ्याची माणसं हवी होती. भाऊंना चार वाक्यं मिळाली. वाघानं बैल नेला हे धावत येऊन सरपंचाला सांगायचं, एवढंच काम. निघताना मला म्हणाले, चला. मी विचारलं, मी कशाला? तर माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं. शब्द कोण देणार? आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. दोघंही सारखेच शहाणे.

मी काट्यांच्या कुंपणामागे बसलो आणि नेहमीसारखे शब्द देऊ लागलो. कानाला हेडफोन लावलेला आवाजवाला पोरगा दचकला. त्यानं काम थांबवलं. म्हणाला, हे काका बोलतात त्याच्या आधी कोणीतरी हेच बोलून जातंय. सगळ्यांचे फोन बंद करवले. पुन्हा सुरू झालं, मी पुन्हा शब्द दिले. मग तो पोरगा माईकची लांब काठी पुढे धरून एकेक पाऊल टाकत कुंपणाशी आला आणि वाकून पाहिलं, तर खाली मी उकिडवा, हातात कागद. त्यालाच आधी घाम फुटला. मग सगळं युनिट पोट धरून हसलं आणि माझी रवानगी गाड्यांजवळ झाली.

आता भाऊ एकटे. ॲक्शन म्हटल्याबरोबर ते धावत आले, सरपंचासमोर थांबले आणि सवयीनं मान डावीकडे वळवली. शब्द आला नाही. त्यांनी वाट पाहिली. श्वास थांबला, डोळे मोठे झाले, ओठ नुसते हलले. मला लांबून ते दिसत होतं, आणि हा अभिनय नाही, ते शब्दाची वाट पाहताहेत हे त्या सगळ्या गर्दीत मलाच माहीत होतं. दिग्दर्शक कट म्हणेना. शेवटी म्हणाला, आणि उठून त्यानं भाऊंचे दोन्ही हात धरले. वाक्यं काढून टाकली, तोंड ठेवलं.

भाऊ तडक माझ्याकडे आले. "मास्तर, मी मेलो होतो तिथी."

मी म्हटलं, त्यांना आवडलं, असं म्हणून राह्यले ना.

"आवडलं म्हनते. काऊन आवडलं ते नाई समजलं."

ते त्यांना पुढेही कधी समजलं नाही, पण काम सुरू झालं ते थांबलं नाही. भ्यायला माणूस हवा असला की भाऊंना फोन. खबऱ्या म्हणून ज्याला धरून नेतात तो म्हातारा, ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलेला बाप, नदीच्या पुरात पोरगी शोधणारा माणूस. आमच्याकडच्या दुसऱ्या नटांनीही एकेक सिनेमा केला, पोस्टरवर आपलं तोंड शोधलं, मोठं काम मागितलं आणि घरी बसले. भाऊंनी मोठं काम कधी मागितलं नाही. सहाच्या गाडीसाठी चारला रस्त्यावर उभे. जेवण मिळालं तर खायचं, नाही मिळालं तर विचारायचं नाही. विचारल्याशिवाय दाढी करायची नाही, कारण मागच्या दृश्यात दाढी होती की नव्हती हे आपण विसरलो तर संपलो, असं त्यांना वाटे. प्रेताचं काम आलं तर अंगावर लाल मुंग्या चढल्या तरी हलायचं नाही. मुंग्या खऱ्या होत्या, मी पाहिल्या.

हे सगळं कलेच्या प्रेमापोटी असं लिहिलं तर छान दिसेल. पण ते भीतीपोटी होतं. भाऊ तसे भित्रेच. लिफ्टमध्ये चढत नसत, सुई पाहिली की तोंड फिरवत, गावातल्या कुत्र्यांना अहोजाहो करायचंच बाकी ठेवलं होतं. पण सगळ्यात मोठं भेव म्हणजे फोन वाजणार नाही. आठ-दहा दिवस गेले की चक्कीवर यायचे आणि म्हणायचे, एक मिस कॉल मारा जी. मी मारायचो. फोन वाजायचा, त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि दोन पायल्या दळण होईपर्यंत ते माझं डोकं खात बसायचे.

असेच एकदा आले. बाहेर बाकावर बसलो होतो, चक्की बंद होती. मी मिस कॉल मारला. त्यांच्या खिशात फोन वाजू लागला, चांगला ढोलताशांचा आवाज. भाऊ माझ्याकडे बघत होते. फोन वाजतोय आणि ते बघताहेत. मग म्हणाले, "लागला नाई का अजून?"

माझ्या अंगावर काटा आला. मी नुसतं त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यांनी खिशाला हात लावला, थरथर हाताला लागली आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. कॅमेऱ्यासमोर कधी असं पडलं नव्हतं. मग सांगू लागले. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरला आधीच दाखवून आले होते. कानाची नस गेली म्हणाला. जन्मभर नाटकाच्या भोंग्यांशेजारी उभं राहिल्यानं असेल की वयानं, कोणास ठाऊक. कानात घालायची मशीन घेतली होती, पण ती शूटिंगला लावता येईना, दिसते. समोरच्याच्या ओठांवरून ओळखून ते वेळ मारून नेत होते. हे त्यांनी मला सांगितलं आणि माझ्याकडून वचन घेतलं. कोणाला कळलं तर कोणी बोलावणार नाही. मी वचन दिलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या वाटणीची भीती मलाही लागली.

त्यानंतर महिन्याभरातच पुन्हा मोहर्लीकडचं काम आलं. साखरेचा त्रास आहे, सोबत माणूस लागतो, असं सांगून मी बरोबर गेलो. सकाळची वेळ. भाऊंनी सरपणाची मोळी घेऊन एका सागापासून पुढच्या बांबूच्या रांजीपर्यंत, म्हणजे बेटापर्यंत, चालत जायचं होतं, एकटं, भीत भीत. कॅमेरा लांब. ते निघाले आणि नाल्यापलीकडून चितळ ओरडलं. मग वर झाडावरून वानर खोकलं. तो वाघाचा इशारा, हे आमच्याकडच्या पोरालाही सांगावं लागत नाही. सोबतच्या वनरक्षकानं हात वर केला. दिग्दर्शक कट म्हणाला आणि सगळं युनिट आवाज न करता मागे सरकून जिपांकडे गेलं.

भाऊ चालतच होते.

कोणीतरी हळूच हाक मारली, मग कोणीतरी मोठ्यानं. वानर थांबत नव्हतं. आणि हा माणूस तोंडावर भीतीचा अभिनय करत बांबूकडे चालला होता, एकेक पाऊल, जसं सांगितलं होतं तसं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय उपयोग हे मलाच तर माहीत होतं. पाय पुढे जाईनात. मी वाकून दगड उचलला आणि जीव खाऊन फेकला. तो त्यांच्या पुढ्यात पडला. ते थांबले, वळले. मागे कोणीच नाही, आम्ही सगळे लांब जिपांजवळ हात हलवतोय. त्यांना कळलं. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. शेतातून घरी यावं तसे ते सावकाश चालत आले, मोळीसुद्धा टाकली नाही.

जिपेत सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. काय छाती आहे काकांची, टेक मोडला नाही. भाऊ सगळ्यांना हात जोडत होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आता वाघाचं काही बोलतील.

"कोनाले समजलं नाई ना?" त्यांनी विचारलं.

त्यापुढे मी त्यांच्या नजरेसमोर लाल गमछा घेऊन उभा राहू लागलो. खांद्यावर असला तर थांबा, काढला की सुरू, डोक्याला बांधला की संपलं. युनिटला वाटायचं म्हाताऱ्याचा माणूस जरा येडपट आहे, सारखा गमछा सोडतो-बांधतो. वाटू द्या. त्या गमछ्यावर आम्ही कितीतरी कामं काढली. दर वेळी घरी परत आलो की माझी बायको म्हणायची, तुमचं तोंड असं काऊन उतरलं? काम तर त्यायनं केलं.

मग ते भामरागडचं काम आलं. दिग्दर्शक एक नागपूरची बाई, वयानं लहान, सगळे तिला मॅडम म्हणत. भाऊंच्या चेहऱ्यात तिला असं काहीतरी दिसलं होतं की त्यांना वाक्यं लिहून द्यावीत. तिनं त्यांना पहिल्यांदा दोन पानं भरून वाक्यं दिली. बंदूकवाले गावच्या पाटलाला नदीकाठी उभं करून जाब विचारतात आणि तो एकेका प्रश्नाला उत्तर देतो. भाऊ रोज चक्कीवर यायचे. मी समोर बसून वाक्यं म्हणायचो, ते माझ्या ओठांकडे बघून पाठ करायचे. चक्की चालू असली तरी त्यांचं काही अडत नव्हतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही पाठ केलं आणि शब्द न शब्द केलं.

नदीकाठी पोचलो तर तिथल्या एका म्हातारीनं नकली बंदुका बघून दार लावून घेतलं आणि आम्ही परतेपर्यंत उघडलं नाही. मलाही बरं वाटत नव्हतं. तेवढ्यात भाऊंनी माझी बाही ओढली. "मास्तर, त्यानं तोंड बांधलं."

बंदूकवाल्याचं काम करणाऱ्या पोरानं डोळ्यांखालपर्यंत काळा कपडा गुंडाळला होता. कामच तसं होतं. ओठ दिसणार नव्हते. प्रश्न कधी संपला हे भाऊंना कळणार नव्हतं, आणि कॅमेरा दोघांभोवती गोल फिरणार, त्यामुळे गमछा घेऊन उभं राहायला मला जागाच नव्हती. मी म्हटलं, पोट दुखतं म्हणून सांगू, उद्यावर ढकलू. भाऊंनी नदीकडे पाहिलं. मग ते सरळ मॅडमकडे चालत गेले. मी मागे धावलो, पण ते बोलून मोकळे झाले होते.

"मॅडम, मले ऐकू येत नाई. लई दिवस झाले. काढाचं असन त आताच काढा, मी घरी जातो."

मला वाटलं संपलं. एवढी वर्षं जपलेलं सगळं त्या रेतीत सांडलं. मॅडमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या बांधलेल्या तोंडाच्या पोराकडे. त्याला म्हणाली, प्रश्न विचारताना बंदूक त्यांच्या छातीवर धर, प्रश्न संपला की नळी थोडी खाली घे. आणि भाऊंकडे वळून, ओठ नीट हलवत, तेच पुन्हा सांगितलं.

भाऊ त्या नळीकडे बघत उभे राहिले. ती खाली आली की बोलायचे, वर गेली की थांबायचे. मी पुष्कळ नाटकं म्हटली आहेत, पुष्कळ नट पाहिले आहेत. जिवाकडे बघावं तसं नळीकडे बघणारा माणूस त्या दिवशी पाहिला. कट झाल्यावर त्या पोरानंच तोंडावरचा कपडा सोडला आणि भाऊंच्या पाया पडला.

काम गेलं नाही. पण नदीच्या आवाजानं आणि वाऱ्यानं बोलणं खराब झालं, म्हणून सगळी वाक्यं नागपूरच्या स्टुडिओत बसून पुन्हा म्हणायची ठरली. भाऊंना पडद्यासमोर उभं केलं, कानाला हेडफोन लावला. मशीन घालूनही शब्द नीट लागत नव्हते, हेडफोनचा काय उपयोग? ते बोलायचे तेव्हा पडद्यावरचं तोंड मिटलेलं असायचं. पोरांनी दुपारपर्यंत धीर धरला. शेवटी मॅडम म्हणाली, दुसरा आवाज घ्यावा लागेल, गावाकडचाच हवा.

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तरले घ्या. माह्याआधी समदे शब्द त्यायनंच म्हटले."

मी नाही म्हटलं. जन्मभर मी पडद्याआड कुजबुजलो, लोकांनी ऐकावं असं एक वाक्य कधी बोललो नव्हतो. पण भाऊ काचेपलीकडे खुर्ची ओढून बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, तसा मी बोललो. संध्याकाळ झाली. संपल्यावर ते आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मी बरा बोललो का?"

"बरे बोलले भाऊ," मी म्हटलं.

कान गेल्याचं आता सगळ्यांना माहीत झालं होतं, तरी फोन येत राहिले. ज्याला ते इतके भ्याले ते घडलंच नाही. त्यांना वाघानं नेलं नाही, लोहखाणीच्या ट्रकनं मागून उडवलं नाही; त्या ट्रकचंही भेव मीच बाळगलं होतं. ते गेले दुपारी, घरी. जेवून बाजेवर पडले होते. भाऊंच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, चहा ठेवला आणि आतून हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यात काही नवीन नव्हतं. मशीन काढून झोपले असतील म्हणून त्या भांडी घासायला बसल्या. भांडी झाल्यावर उठवायला गेल्या.

भाऊंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर काही दिवसांनी ती भामरागडची मालिका आली. भाऊंच्या घरी सगळे जमलो. भाऊंच्या पुतण्यानं टीव्हीला मोबाइल जोडला. वहिनी अगदी पुढे बसल्या होत्या. नदीकाठ आला, बंदूक आली, नळी खाली झाली आणि भाऊ बोलले. पहिल्याच वाक्याला वहिनींनी टीव्हीवरून नजर काढली आणि खोलीत माणसं चाचपत माझ्यावर आणून ठेवली. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. काय आवाज लावला म्हणून सगळे भाऊंची वाखाणणी करत होते.

लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड त्यायचं व्हतं, मास्तर. आवाज तुमचा." मी मान डोलावली. "मंग त्यायचा आवाज कुठी हाय?"

नाटकं कोणी रेकॉर्ड केली नव्हती. पडद्यावर त्यांना भ्यायला बोलावलं, आणि भ्यालेल्या माणसाला वाक्यं कोण देतं? वहिनी आणि मी मोबाइलवर एकेक काम काढून पाहू लागलो. कुठे हुंदका होता, कुठे किंकाळी, कुठे नुसता धापा टाकल्याचा आवाज. वहिनी प्रत्येक वेळी म्हणायच्या, हे नाई. शेवटी एका जुन्या मालिकेत सापडलं. त्यात भाऊ दिसतही नाहीत. कोणीतरी अंगणातून हाक मारतं आणि घरातून त्यांचा आवाज येतो, एवढंच.

तेवढा तुकडा मोबाइलवर कसा लावायचा हे वहिनींनी पुतण्याकडून शिकून घेतलं.

परवा त्यांचं दळण झालं होतं, म्हटलं आपणच पोचवून द्यावं. अंगणात पोचलो तर घरातून चहाचा वास येत होता. वहिनींचा आवाज आला, "चहा झाला जी."

आणि आतल्या खोलीतून भाऊ म्हणाले, "आलो, आलो."

मला भेव वाटलं. खोटं कशाला सांगू, पिठाचा डबा हातातून सुटता सुटता राहिला. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. वहिनींनी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा तेच उत्तर आलं.